पहिली भेट, समोरचं माणूस वेगळ्या संस्कृतीतलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीची, खणभागात वाढलेली. नवरा लखनौचा, कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला आला आणि इथलाच झाला. एवढ्या एका कारणावरून मैत्रिणी, त्यांच्या धाकट्या बहिणी, क्लासमधली पोरं, एकदा तर एका मैत्रिणीच्या आईनंसुद्धा मला "पहिल्यांदा भेटायचंय, काय करू?" असं विचारलंय. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदाच लिहून ठेवते. प्रश्न आले तसेच ठेवलेत, नावं तेवढी काढलीत.

1. डेट म्हणजे कांदेपोहेच ना? फक्त घरचे नसतात एवढंच?

नाही. कांदेपोह्यांना येणारा माणूस बायोडाटा वाचून आलेला असतो आणि आठवड्याभरात होकार किंवा नकार कळवायचा असतो. डेटला असलं काही बांधलेलं नसतं. पण "बांधलेलं नसतं" म्हणजे किती सैल, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. अमेरिकेत सुरुवातीच्या काळात एकाच वेळी दोघा-तिघांना भेटणं ही फसवणूक मानत नाहीत. "आता आपण फक्त एकमेकांनाच भेटायचं" असं दोघं स्पष्ट बोलतात, तिथून नातं धरतात. जपानात एकानं सरळ "तू मला आवडतेस, माझ्याशी नातं ठेवशील का?" असं म्हणायची पद्धत आहे. त्याला कोकुहाकु म्हणतात, आणि ते झाल्याशिवाय बऱ्याच जणांच्या लेखी काही सुरूच झालेलं नसतं. आपल्याकडं दोन कॉफ्या झाल्या की मित्र "वहिनी" म्हणायला लागतात. त्यामुळं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत "तुझ्याकडं याला काय म्हणतात?" हे विचारून टाका. पहिल्या भेटीत मात्र नको.

2. वेगळी संस्कृती म्हणजे परदेशीच का? माझी पाटील आहे, मीही पाटील आहे.

मग तर नीट वाचा. आपल्या जिल्ह्यात पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो. आडनावावरून ताटात काय असेल ते सांगता येत नाही. एका मित्रानं "पाटील म्हणजे आपल्यातलीच" असं धरून थेट तांबडा-पांढरा मागवला होता. समोरची लिंगायत, घरात अंडंही येत नाही. तिनं निमूट भात-दही खाल्लं आणि नंतर तीन दिवस मेसेज केला नाही.

दुसरं उदाहरण गलाईवाल्यांचं. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी भारतभर पांगलीत. मुलगी गावाकडून विट्याची, कुलदैवत इथलंच, पण वाढली कोइमतूरला. ती तमिळमध्ये भांडते, रात्री जेवायला इडली खाते आणि जत्रेला गावी आली की पाहुणी असते. ती "आपल्यातली" आहे आणि नाहीही. अशा माणसाला "तुझं मराठी असं काय गं?" म्हणून हसू नका, ते आयुष्यभर तेच ऐकत आलेलं असतं.

आणि हो, पुणेकरही यात धरायचे. तो प्रश्न 10 मध्ये आहे.

3. भेटायच्या आधी जात-धर्म विचारू का?

भेटीला ज्याचा उपयोग आहे ते विचारा. "काय खात नाहीस? कुठली वेळ चालत नाही? सध्या काही उपास, रोजा, परीक्षा?" हे प्रश्न कुणालाच टोचत नाहीत आणि त्यातून हवं ते बहुतेक कळतं. बाकीचं माणूस स्वतःहून सांगतं. "तुमच्यात काय असतं?" या वाक्यातला "तुमच्यात" हा शब्द मात्र पहिल्या भेटीत तोंडातून निघू देऊ नका. समोर एक माणूस बसलंय, समाज बसलेला नाही.

4. सांगलीत भेटायचं कुठं? कुठंही गेलं तरी कोण ना कोण ओळखीचं असतंच.

असतंच. त्यावर सगळे एकच तोड काढतात, कोल्हापूर. मला ती पहिल्या भेटीला पटत नाही. 50 किलोमीटर जायचं म्हणजे दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून, आणि नाही जमलं तर परतीचा तास जाता जात नाही. दंडोबाच्या डोंगरावर किंवा सागरेश्वरलाही पहिल्यांदा नको. जागा सुंदर आहेत, पण आडबाजूला आहेत.

विश्रामबागेत दुपारी साडेतीन-चारला कुठलाही कॅफे चालतो. त्या वेळी तिथं कॉलेजची पोरं असतात, काका-काकू नसतात. चालत बोलायचं असेल तर आमराई, नाहीतर हरिपूरचा संगम. कृष्णेला वारणा मिळते तिथं घाटावर बसलं की बोलायला विषय शोधावा लागत नाही. तिथं संगमेश्वराचं देऊळ आहे. समोरचं माणूस दुसऱ्या धर्माचं असेल तर आत जायचा आग्रह करू नका, आणि बाहेरच थांबायला लावल्यासारखंही करू नका. "मी दोन मिनिटांत पाया पडून येऊ का, की तूही येतेस?" एवढं पुरे.

परदेशी माणसासाठी माझी आवडती जागा म्हणजे मिरजेतली सतारमेकरांची दुकानं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले असतात, खाली एक जण पायांत दांडी धरून पडदे बांधत असतो, आणि तासभर कसा गेला कळत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वाद्य हातात घ्यायच्या आधी विचारायचं, आणि ओलांडायचं तर मुळीच नाही. पाहुण्याला हे आधी सांगून ठेवा.

5. मुलगी जैन आहे. सातला भेटलो, ती आली, पण काहीच खाल्लं नाही. रुसली का?

रुसली नाही, सूर्य मावळला होता. अनेक जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. काही जण पाणीही पीत नाहीत. आपल्याकडं डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातनंतर. म्हणजे हिवाळ्यात चारला भेटा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांतलं काय चालतं ते घरागणिक बदलतं, आणि एकाच घरात आजीचं वेगळं, नातीचं वेगळं. भाद्रपदात गणपतीच्या दिवसांतच दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व असतं, चतुर्थीनंतर पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीपर्यंत. तेव्हा नियम आणखी कडक होतात. ते दहा दिवस जाऊ द्या.

आणि ती सगळं खाणारी निघाली तर? तर खाऊ द्या. "अगं, जैन असून?" असं म्हणायचं नाही. हा प्रश्न मला विचारणाऱ्यानं नेमकं तेच म्हटलं होतं, पुढच्या भेटीत.

6. रमजान चालू आहे. भेट पुढं ढकलू का?

समोरच्याला विचारा. रोजा असेल तर दिवसा कॉफीला बोलावणं म्हणजे त्याला समोर बसवून आपण पिणं. काही जणांना त्याचं काहीच वाटत नाही, पण तुम्हाला घोट जाणार नाही. इफ्तारनंतर तासाभरानं भेटणं सोयीचं. इफ्तारच्याच वेळेला बोलावू नका, ती वेळ बहुतेकांची घरच्यांसोबतची असते. रमजान दर वर्षी 10-11 दिवस अलीकडं सरकतो, त्यामुळं मागच्या वर्षीच्या तारखांवर जाऊ नका. हलालचा प्रश्न असेल तर हॉटेल त्यालाच निवडू द्या. मिरजेत चांगलं कुठं मिळतं ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

7. उलट माझाच उपास असेल तर? श्रावण, संकष्टी वगैरे?

आधी सांगा. आपल्याला वाटतं की संकष्टी जगाला माहीत आहे. माझी एक मैत्रीण एका डच मुलाला भेटली, त्यानं दोघांसाठी खायला मागवलं आणि ही "चंद्र उगवल्यावर" म्हणाली. त्याला वाटलं कविता करतेय. श्रावणात मांसाहार बंद, पण बाकी सगळं चालू, हेही बाहेरच्याला चमत्कारिक वाटतं. साबुदाणा खाऊन उपास कसा होतो हे समजावत बसू नका. ते आपल्यालाही नीट सांगता येत नाही.

8. परदेशी मुलाला आपलं तिखट झेपेल का?

तिखटाचं राहू दे, शेंगदाण्याचं आधी विचारा. आपल्याकडं दाण्याचं कूट भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, चटणीत, सगळीकडं असतं आणि आपण ते मोजतही नाही. युरोप-अमेरिकेतल्या काही जणांना दाण्याची ॲलर्जी असते, आणि ती जिवावर बेतू शकते. घसा सुजतो, श्वास अडतो. "शेंगदाणे चालतात ना?" हे भेटायच्या आधी मेसेजवर विचारा आणि हॉटेलातही स्पष्ट सांगा. भडंगाच्या पहिल्या घासालाच गडबड झाली तर डेट संपून सिव्हिल हॉस्पिटल सुरू होतं.

तिखटाबद्दल एवढंच: "मीडियम" या शब्दाला सांगलीत काही अर्थ नाही. मिसळ मागवली तर कट वेगळ्या वाटीत घ्या.

9. "निघालोय" म्हणायचं आणि आंघोळीला जायचं, हे चालतं का?

दोघं सांगलीचे असाल तर दोघंही आंघोळीला जातात, हिशेब जुळतो. जर्मन, स्विस किंवा जपानी माणूस सहाला पाच कमी असताना उभा असतो, आणि उशीर म्हणजे अपमान असं धरणारे त्यांच्यात बरेच. ब्राझीलचा असेल तर उलट, तोच अर्ध्या तासानं येईल. एक पत्ता पक्का करा, वेळ पक्की करा, आणि मिरजेच्या रस्त्याला अडकलात तर खरं सांगा. "पाच मिनिटांत आलोच" हे वेळेचं माप नाही, हे परक्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.

10. बोलताना तू म्हणू, तुम्ही म्हणू, की आप? हिंदी आपली तोडकी आहे.

इथं सगळ्यात जास्त गाडी घसरते, म्हणून जरा सविस्तर.

मराठीत "तू" म्हणजे जवळीक. आईला तू, देवाला तू. तोच "तू" हिंदीत नेला की उत्तरेकडच्या कानाला तो शिवीच्या शेजारचा लागतो. सुरुवात "आप"नं करा, समोरचं माणूस "तुम"वर आलं की तुम्ही या. "तेरे को क्या मंगता" ही आपली मुंबईमार्गे आलेली हिंदी पहिल्या भेटीत गोड वाटेलच असं नाही.

नवऱ्याची आणि माझी पहिली भेट ठरली तेव्हा त्याचा मेसेज आला, "हम पाँच बजे पहुँच जाएँगे।" मी घाबरले. हम म्हणजे कोण कोण? मित्राला घेऊन येतोय की आईला? मी पण मग मावसबहिणीला बरोबर घेतलं. तो एकटाच आला. लखनौकडं माणूस स्वतःलाच "हम" म्हणतो हे मला कुठं माहीत. मावसबहिणीनं तीन वडापाव खाल्ले आणि मध्येच निघून गेली.

आता आपली बाजू. आपल्याकडं गावाकडच्या बायका-मुली सर्रास "मी येतो, मी जेवलो" असं बोलतात. माझी आजी असंच बोलायची, मीही घरात बोलते. पुण्याच्या मुलानं हे पहिल्यांदा ऐकलं की तो थबकतो. त्यासाठी भाषा बदलू नका, हसून सांगा, "आमच्यात असंच म्हणतात." तो दुरुस्त करायला लागला तर प्रश्न 22 पाहा.

कानडी किंवा मल्याळी असेल तर एक वाक्य शिकून जा. जतकडं "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. मल्याळममध्ये "ऊणु कळिच्चो?" आपल्या "जेवलीस का?"चीच भावंडं. उच्चार चुकला तरी चालतो, चुकलेला तर जास्त चालतो.

11. निघताना काय म्हणू?

"येते" मराठीतच ठेवा. आपल्याकडं "जाते" म्हणणं अशुभ, म्हणून आपण "येते" म्हणतो आणि जातो. पहिल्या भेटीनंतर मी त्याचा हिंदी अनुवाद केला, "चलो, मैं आती हूँ।" आणि रिक्षात बसून घरी गेले. तो बिचारा वीस मिनिटं बसून राहिला. वॉशरूमला गेली असेल म्हणून. दुसरा चहा मागवला, तो गार झाला, मग फोन केला. मी तेव्हा घरी आईला भाजी निवडून देत होते.

तमिळ आणि मल्याळी लोकही निघताना "जाऊन येतो" असंच म्हणतात, त्यांच्यापाशी हा घोटाळा होत नाही. उत्तरेकडच्यांपाशी आणि परदेशी लोकांपाशी होतो. त्यांना सरळ "बाय, घरी पोचले की मेसेज करते" म्हणा आणि पोचल्यावर खरंच करा.

12. मी मान डोलावतोय आणि ती तेच तेच पुन्हा विचारतेय.

आपली मान डोलवायची पद्धत धड हो नाही, धड नाही नाही. तोंडानं "हो" म्हणा.

13. भेटल्यावर हात मिळवायचा, मिठी मारायची, की नमस्कार?

दोन पावलांवर थांबा, हसा, आणि समोरचं माणूस काय करतंय ते बघा. हात पुढं आला तर हात. फ्रान्समध्ये गालाला गाल लावून भेटतात, नेदरलँड्समध्ये अनेकदा तीनदा. तो त्यांचा रामराम आहे, त्याचा वेगळा अर्थ काढू नका. उलट काही मुसलमान मुली आणि मुलगेही परक्या व्यक्तीशी हात मिळवत नाहीत, छातीवर हात ठेवतात. तुमचा पुढं आलेला हात तसाच राहिला तर तो उचलून नमस्कार करा, कुणाचं काही बिघडत नाही. लिंगायत व्यक्तीच्या गळ्यातलं इष्टलिंग "हे काय, बघू?" म्हणून हातात घेऊ नका.

एक आपली खोड. चुकून पाय लागला की आपण समोरच्याला हात लावून तो छातीला लावतो. परदेशी मुलगी याला दचकते. लागलाच पाय तर "सॉरी" पुरे. हात गेलाच तर लगेच कारण सांगा, हा विषय चांगला अर्धा तास पुरतो.

14. बिल कोणी द्यायचं?

यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात, आणि सगळे मुलगे विचारतात.

आपली पद्धत म्हणजे गल्ल्यापाशी कुस्ती. "मी देतो", "नाही, मी देतो", एक जण दुसऱ्याचा हात धरतो, गल्ल्यावरचा माणूस दोघांचे फोन बघत बसतो. ही कुस्ती दोघांना माहीत असेल तर तिच्यात माया आहे. माहीत नसेल तर ती नुसती झटापट दिसते. जर्मनीत वेटरच विचारतो, एकत्र की वेगवेगळं? वेगवेगळं म्हटलं म्हणून कुणी कंजूष ठरत नाही. नेदरलँड्समध्येही तसंच. तिथली मुलगी स्वतःचे पैसे काढत असेल तर तो नकार समजू नका, आणि तिच्या हातातून बिल ओढू नका. तिला ते दादागिरीसारखं वाटतं. इराणी माणूस असेल तर तिसरीच तऱ्हा. त्यांच्यात तआरोफ नावाचा शिष्टाचार आहे, "राहू द्या, पैसे कशाला" असं तोंडानं म्हणायचं आणि समोरच्यानं पुन्हा पुन्हा आग्रह करायचा. तिथं पहिल्या "राहू द्या"वर खिसा बंद करणारा उद्धट ठरतो. आपल्या मंडळींना हे पटकन जमतं, आपलंही अर्धं तसंच आहे.

माझा नियम साधा. ज्यानं बोलावलं त्यानं पैसे द्यायची तयारी ठेवावी, आणि दुसऱ्यानं "पुढच्या वेळी माझ्याकडं" म्हणावं, पुढची वेळ हवी असेल तरच. नको असेल तर आपले अर्धे तिथल्या तिथं पाठवून मोकळं व्हावं. मुलींनीही. चहा-खारीचे तीस-चाळीस रुपये देऊन कुणी कुणाला विकत घेत नाही, हे मुलांनी लक्षात ठेवावं. आणि तेवढ्यासाठी उपकाराखाली राहायचं कारण नाही, हे मुलींनी.

15. काय विचारू नये?

मिझोराम, नागालँड, मणिपूरच्या मुलीला "तू नेपाळची का? चायनाची का?" विचारू नये. ती तुमच्याच देशाची आहे आणि हे तिनं रिक्षावाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय. "तुमच्याकडं कुत्रं खातात ना?" हेही नाही. ज्याला त्याची चव माहीत नाही त्यानं दुसऱ्याच्या ताटाकडं बोट दाखवू नये. आपल्या सुकटीच्या वासानं घर सोडून पळणारी माणसं मी पाहिलीत. रंगावर बोलू नये, कौतुक म्हणूनसुद्धा. "केरळची असून गोरी आहेस" यात कौतुक कुठं आहे ते मला दाखवा.

पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, भावंडं किती, शिकून झालं तर लग्न का नाही, हे आपण एसटीत शेजारी बसलेल्यालाही विचारतो. बाहेरच्याला ती चौकशी पोलिसी वाटते. तुम्हाला कुणी विचारलं तर उत्तर द्या किंवा टाळा, पण लगेच रागावू नका. आपल्याकडच्यासारखंच, चिनी माणूसही पगार आपुलकीनं विचारतो.

मग बोलायचं काय? पूर आला तेव्हा कुठं होता, 2005 का 2019, यावर दोन सांगलीकर तासभर बोलू शकतात. परक्या माणसाला तुमच्या गावाची अशी एखादी गोष्ट सांगा. चोर गणपतीची सांगा, चतुर्थीच्या चार दिवस आधी गाजावाजा न करता बसतो तो. मग त्याच्या गावाची गोष्ट विचारा.

16. फुलं न्यावीत का? भेटवस्तू?

पहिल्या भेटीला लहान काहीतरी, नाहीतर काहीच नको. फुलांत गंमत आहे. शेवंती आपल्याकडं देवाला, वेणीत, सगळीकडं. फ्रान्स आणि इटलीत ती कबरीवरची. रशियन मुलीला फुलं विषम संख्येत द्यायची, सम संख्या अंत्यविधीला. चिनी व्यक्तीला घड्याळ देऊ नका, "घड्याळ देणं" हे शब्द त्यांच्या भाषेत "अखेरचा निरोप देणं"सारखे ऐकू येतात. जैन मित्राला चामड्याचं पाकीट नको.

मी बेदाणे सुचवते. सांगलीचे, त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे, 2016 पासून. कांदा नाही, लसूण नाही, शेंगदाणा नाही, हलालची भानगड नाही, बॅगेत सांडत नाहीत. भडंगात लसूण असतो आणि दाणेही, म्हणून ते प्रश्न 5 आणि 8 वाल्यांना नाही.

17. तिनं तिच्या ताटातला घास माझ्या ताटात ठेवला. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा "हे चांगलं लागतंय" एवढाच. उष्ट्याची कल्पना सगळीकडं नाही. इथिओपियात तर हातानं घास भरवणं हा आदर आहे, त्याला गुर्शा म्हणतात. तुम्हाला उष्टं चालत नसेल तर दुसरा चमचा मागवा, तोंड वाकडं करू नका.

18. ती मध्ये पाच मिनिटं काहीच बोलली नाही. मी कंटाळा आणला का?

आपल्याला शांतता सहन होत नाही. लगेच "मग? अजून काय?" सुरू. फिनलंडच्या, जपानच्या लोकांना गप्प बसणं सोबतीचाच भाग वाटतो. नदीकडं बघत बसा. ती फोनमध्ये डोकं घालून बसली असेल तर मात्र कंटाळाच.

19. ओळखीचे काका दिसले तर?

लपू नका. लपलात तर संध्याकाळपर्यंत बातमी घरी, आणि तिखटमीठ लावून. उठून नमस्कार करा, "काका, ही माझी मैत्रीण, मिरजेला शिकते" एवढं सांगा, आणि काकूंची तब्येत विचारा. समोरच्या माणसाला मात्र आधी सांगून ठेवा की असं होऊ शकतं आणि तुम्ही "मैत्रीण" म्हणाल. नाहीतर तिला वाटतं तुम्हाला तिची लाज वाटली. ज्यांच्या घरी हे कळणं खरोखर धोक्याचं आहे, त्यांनी पहिली भेट गावात ठेवू नये. कोल्हापूरबद्दल मी वर जे लिहिलं ते त्यांना लागू नाही. स्वतःच्या तिकिटानं जा, स्वतःच्या तिकिटानं या.

20. दोघं वेगवेगळ्या धर्माचे. बागेत पोलिसांनी किंवा टोळक्यानं हटकलं तर?

दोन सज्ञान माणसं बागेत बसून बोलत असतील तर तो गुन्हा नाही, धर्म कुठलाही असो. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील वर्तन हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 296. गप्पा त्यात येत नाहीत. पोलिसांशी शांतपणे बोला, नाव सांगा, ओळखपत्र असू द्या. टोळकं असेल तर वाद घालू नका. गर्दीच्या, दुकानांच्या दिशेनं चालायला लागा आणि 112 लावा. सज्ञान जोडीच्या निवडीत कुटुंबानं किंवा जमावानं आडवं येणं बेकायदा आहे असं सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलंय आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायची जबाबदारी पोलिसांवर टाकलीय. हे माहीत असावं. त्या क्षणी मात्र कलम ऐकवण्यापेक्षा तिथून निघणं महत्त्वाचं. भेटायच्या आधी एका विश्वासू माणसाला जागा आणि वेळ सांगून ठेवा, लाइव्ह लोकेशन चालू ठेवा.

21. ती लंडनची डॉक्टर आहे, अजून भेटलो नाही, पण तिनं मला पार्सल पाठवलंय आणि कस्टमवाले पैसे मागताहेत.

ती लंडनची नाही, बहुधा डॉक्टर नाही, आणि "ती"ही नसेल. पैसे भरू नका. भरले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाताबाहेर. शिष्टाचाराचा प्रश्न इथं येतच नाही.

22. पुन्हा भेटायचं नाही. नाही कसं म्हणू? तोंडावर बरं दिसत नाही.

आपण "बघू" म्हणतो. सांगलीत बघू म्हणजे नाही, हे तान्ह्या पोरालाही कळतं. "आईस्क्रीम घ्यायचं?" "बघू." पण बाहेरच्याला बघू म्हणजे खरंच बघणार असं वाटतं. जर्मन, डच माणूस तर पुढच्या आठवड्यात विचारेल, "बघितलंस का?" त्यांना दोन वाक्यांत सांगा, "भेटून छान वाटलं. पण पुढं भेटावं असं मला वाटत नाही." त्यांना याचा राग येत नाही, लोंबकळत ठेवल्याचा येतो.

जो तुमची भाषा, ताट, कपडे दुरुस्त करत बसला त्याला पहिल्याच भेटीत हे सांगितलं तरी चालतं, दुसऱ्या भेटीची वाट बघू नका.

अपवाद एकच माहीत आहे. माझी एक मैत्रीण पुण्यात एका जपानी मुलाला भेटली. जपानीत "चोत्तो..." म्हणजे "जरासं..." असं म्हणून वाक्य अर्धवट सोडलं की तो नकार असतो. हिनं दर आठवड्याला "बघू" म्हटलं, त्यानं दर आठवड्याला "चोत्तो" म्हटलं. तीन आठवडे दोघं एकमेकांना नाही म्हणत होते, आणि नाही कळत नसल्यानं भेटतही होते. चौथ्या आठवड्यात कुणीतरी अर्थ समजावून सांगितला. तोवर दोघांनाही थोडं आवडायला लागलं होतं. पुढचं मला तिनं सांगितलेलं नाही, विचारलं की "बघू" म्हणते.